एनेलेसीची शेळी

न्सान्जेला पोचलो तेव्हा पूर ओसरून नऊ दिवस झाले होते.
शिरे नदी पुन्हा आपल्या जागी, काही झालंच नाही अशी.
एनेलेसी भिंत लिंपत होती,
कोपरापर्यंत हात मातीने भरलेले,
आणि शेजारणीला नवऱ्याची नक्कल करून दाखवत होती:
पाणी चढलं तसा हा आंब्यावर चढला, काखेत रेडिओ,
आणि वर बसल्यावर त्याला आठवलं
की आपल्याला बायकोही आहे.
दोघी हसता हसता भिंत विसरल्या.

मी कॅमेरा काढला.
थांब, म्हणाली.
आत गेली, हात धुतले,
चर्चला जायचा निळा ब्लाउज घालून आली.
शेळीला ओढत आणलं, दोरी मुठीत धरली
आणि ताठ उभी राहिली,
लग्नाच्या फोटोत राहतात तशी.

माझ्याकडे यादी होती, लिलाँग्वेच्या ऑफिसातून आलेली,
तिथे ती समुद्रापलीकडून आलेली.
नजर लेन्सकडे. मागे गर्दी नको. शक्यतो सकाळचा उजेड.
हसू नये असं तीत कुठेही लिहिलं नव्हतं,
तेवढं मला न लिहिता कळत होतं.
म्हणालो, अमाई, त्या रात्रीची जरा आठवण काढा.
तिने काढली.
मी फोटो काढला.

काढलं की मागे कमी होतं,
विहिरीत, पिठाच्या डब्यात.
तिच्यात किती कमी झालं, मी मोजलं नाही.
संमतीच्या कागदासोबत शाईचा पॅड पुढे केला.
तिने पेन मागितलं,
आणि सही केली. एनेलेसी चापवेतेका,
पूर्ण नाव, वळणदार, शेवटी एक ठिपका.

रात्री गेस्टहाउसवर, जनरेटर चालू होता तेवढ्यात,
फोटो कापला.
ब्लाउज खांद्याशी गेला. शेळी पूर्ण गेली.
उरला चेहरा, एक मूठ,
आणि मुठीतून निघून चौकटीबाहेर गेलेली दोरी.

खाली मजकूर दुसऱ्या कुणी लिहिला.
पुराने ग्रेसचं सर्वस्व नेलं.
(सुरक्षिततेसाठी नाव बदललं आहे.)
तीस पौंडांत एका कुटुंबाला शेळी.
अठरा हजार लोकांनी लाल बदाम दाबला.
कुठल्याशा गावच्या एका बाईने विचारलं,
माझा मुलगा विचारतोय, दोरीला काय बांधलंय?
तिला हात जोडलेलं चित्र गेलं. आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.

मार्चमध्ये शेळ्यांचा ट्रक घेऊन परत गेलो.
खोटं नव्हतं काही, शेळ्या खरंच आल्या होत्या,
बेंबटत, एकमेकींच्या पाठीवर पाय देत.
एनेलेसीने फोटो आधीच पाहिला होता,
ब्लँटायरच्या भाच्याच्या फोनवर.
म्हणाली, मला वाटलं कुणी गेलं.
असा चेहरा आमच्यात मयताच्या कागदावर छापतात.
आणि ही ग्रेस कोण?
नवरा मागून म्हणाला, रेडिओचं काहीच लिहिलं नाही?

मी उत्तर जुळवत आलो होतो, रस्ताभर.
निधी, लक्ष वेधणं, लोकांचा अंगठा पडद्यावर थांबतो किती क्षण.
त्यातलं एकही वाक्य
चिचेवात नीट उभं राहिना.

तिने माझी वाट पाहिली नाही.
नवी शेळी उतरवून घेतली, दात पाहिले,
कान उलटून गोचीड पाहिले,
आणि जुनीच्या शेजारी खुंट्याला बांधली.
हिचं नाव ग्रेस, म्हणाली.
शेजारीण खाली बसली हसून.

मग निळा ब्लाउज नाही, हात धुणं नाही,
दोघींच्या मधे उभी राहिली एनेलेसी.
आता काढ.
आणि या खेपेला कुणाला कापू नकोस.

तो फोटो माझ्या फोनमध्ये आहे, पाठवलेला नाही कुठेच.
पाठवण्यासारखा नाहीच,
जरा हलला आहे.
ग्रेस एका जागी उभी राहत नव्हती.